बायबल आणि समलैंगिकता: इंदूरच्या आपल्या मंडळींकडून परत परत येणारे प्रश्न

आपल्याकडे उपासना हिंदीत, घरात मराठी, आणि मुलं मोबाईलवर इंग्रजी बायबल वाचतात, त्यामुळे एकाच वचनावर तीन जण तीन गोष्टी सांगत बसतात. बायबल स्टडीनंतर आणि व्हॉट्सॲपवर जे प्रश्न सारखे येतात ते इथे एकत्र केलेत, नावं काढून. काही प्रश्न छावणी-पलासियाकडचे आहेत, काही बडोद्याच्या नातेवाइकांचे. माझं मत जिथे आहे तिथे माझं म्हणून सांगितलंय, पटलं तर घ्या.

१. बायबलमध्ये या विषयावर नेमकं कुठे कुठे लिहिलंय?

फार थोड्या जागी. उत्पत्ती १९, लेवीय १८:२२ आणि २०:१३, रोमकर १:२६-२७, १ करिंथकर ६:९, १ तीमथ्य १:१० आणि यहूदाच्या पत्राचं सातवं वचन. काही जण शास्ते १९ पण जोडतात. झालं. दहा आज्ञांमध्ये नाही, संदेष्ट्यांच्या पुस्तकांत जवळपास नाही, चारही शुभवर्तमानांत थेट नाही.

पण "एवढंच आहे म्हणजे महत्त्वाचं नाही" असं म्हणून उठू नका, वचनं मोजून कुठल्या गोष्टीचं वजन ठरत नाही. उलट बाजूनेही तेच. पैसा, व्याज आणि गरिबाची मजुरी यावर बायबल पानंच्या पानं बोलतं आणि आपल्याकडे वर्षभरात त्यावर किती प्रवचनं होतात ते तुम्हीच आठवा.

२. सदोम आणि गमोरा याच पापामुळे जळाले ना? आम्हाला संडे स्कूलमध्ये हेच शिकवलंय.

शिकवलंय खरं, पण उत्पत्ती १९ पूर्ण वाचा. लोटाच्या घरी दोन परके पाहुणे येतात, गावातले सगळे पुरुष, तरुण-म्हातारे सगळे, घराला गराडा घालतात आणि त्यांना बाहेर काढ म्हणतात. ही गँगरेपची धमकी आहे. दोन माणसांनी एकमेकांच्या मर्जीने एकत्र राहायचं ठरवलं असं तिथे काहीच नाही. आणि लोट काय करतो, तर आपल्या दोन मुली पुढे करतो, या भागावर प्रवचन मी आजवर ऐकलेलं नाही.

शास्ते १९ मध्ये गिबा गावी जवळजवळ हीच गोष्ट परत घडते, फक्त तिथे शेवटी एका बाईवर रात्रभर अत्याचार होतो आणि ती मरते. त्यावरून कोणी म्हणत नाही की पुरुषाने बाईकडे जाणंच पाप आहे. जुलूम तो जुलूम.

यहेज्केल १६:४९ मध्ये सदोमचा दोष सरळ सांगितलाय: गर्व, पोटभर अन्न, निवांतपणा, आणि एवढं असून गरिबाला हात दिला नाही. पारंपरिक बाजूचे, म्हणजे समलिंगी संबंध पापच मानणारे, लोक म्हणतात पुढचं पन्नासावं वचन पण वाचा, तिथे "अमंगळ कृत्य" असं आहे, आणि यहूदा ७ मध्ये जारकर्माचा उल्लेख आहे. ते बरोबर आहे, वाचायलाच पाहिजे. तरी यहूदा "परकं देह" म्हणतो तेव्हा तो देवदूतांच्या मागे लागलेल्या माणसांबद्दल बोलतोय असंही बरेच अभ्यासक मानतात, कारण आधीच्याच वचनात देवदूतांचा विषय चाललाय.

माझं मत, सदोमची गोष्ट या वादातून बाहेरच ठेवा. ब्रिटिश पाद्री डेरिक शर्विन बेली यांनी १९५५ मध्येच हा मुद्दा मांडला होता आणि आता पारंपरिक मत असलेले कित्येक गंभीर अभ्यासकही आपला मुद्दा सदोमवर उभा करत नाहीत.

३. लेवीयमध्ये तर एकदम क्लिअर आहे, मग चर्चा कशाला?

वाक्य क्लिअर आहे, हो. पुरुषाने स्त्रीशी जसं तसं पुरुषाशी निजू नये, १८:२२. आणि २०:१३ मध्ये दोघांना देहदंड. तिथे शब्दांशी खेळून काही वेगळं निघतं असं मला वाटत नाही.

चर्चा आहे ती हा नियम कोणाला आणि का दिला यावर. अध्याय १८ ची सुरुवातच अशी आहे की मिसरात करत होते तसं करू नका आणि कनानात करतात तसंही नको. आधीच्या वचनात मोलख नावाच्या परक्या देवाला मुलांचा बळी द्यायची गोष्ट आहे. म्हणून काही जण म्हणतात की हा मूर्तिपूजेच्या प्रथांशी आणि इस्राएलचं वेगळेपण राखण्याशी बांधलेला नियम आहे. त्यावर पारंपरिक बाजूचं उत्तर कच्चं नाहीये: त्याच अध्यायात सख्ख्या नात्यातले संबंध आणि व्यभिचार पण मना आहे आणि ते आपण आजही चूकच मानतो, शिवाय १८:२६ मध्ये हे नियम परदेशी माणसालाही लागू केलेत, म्हणजे फक्त इस्राएलची ओळख एवढंच कारण पुरत नाही.

आता २०:१३ मधली शिक्षा. ती आजच्या चर्चमध्ये कोणी जाहीरपणे मागत नाही. म्हणजे नियम धरायचा आणि शिक्षा सोडायची हे आपण आधीच ठरवून टाकलंय, फक्त कोणत्या आधारावर ठरवलं ते कोणी बोलत नाही.

४. मग "कोळंबी पण मना आहे, दोन धाग्यांचं कापड पण मना आहे" हे उत्तर बरोबर आहे का? माझा मुलगा नेहमी हेच तोंडावर मारतो.

अर्धवट बरोबर आहे. लेवीय ११ मध्ये खवले नसलेलं समुद्री अन्न मना आहे, १९:१९ मध्ये मिश्र कापड मना आहे, खरंय. पण ख्रिस्ती लोक अगदी सुरुवातीपासून खाण्यापिण्याचे आणि शुद्धतेचे नियम वेगळे आणि नीतीचे वेगळे असं धरत आलेत, प्रेषितांची कृत्ये १० मध्ये पेत्राला दर्शनात चादरीतून मना असलेले प्राणी दिसतात आणि खा म्हणून सांगितलं जातं ते त्यासाठीच. त्यामुळे कोळंबीवरून वाद जिंकता येत नाही.

खरी गंमत पुढे आहे. लेवीय १८:१९ मध्ये मासिक पाळीत बायकोजवळ जाऊ नये असं आहे, तेही याच यादीत, फक्त तीन वचनं आधी. ते नीतीचं की शुद्धतेचं? बहुतेक चर्चेस यावर गप्प असतात. आणि प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये यरुशलेमच्या सभेने परजातीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांना जारकर्म सोडा असं सांगितलं त्याच वाक्यात रक्त आणि गळा दाबून मारलेलं मांस पण सोडायला सांगितलं. आपल्यापैकी खाटकाकडे जाऊन कोण विचारतं? मुलाला सांगा कोळंबी सोड, हे दोन मुद्दे घे, आणि तुम्ही पण तयारीत राहा.

५. येशू स्वतः काय म्हणाला?

थेट काहीच नाही.

पण दोन जागा लोक दाखवतात. मत्तय १९:४-६, जिथे तो उत्पत्तीतून सांगतो की देवाने नर-नारी निर्माण केलं आणि ती दोघं एकदेह होतील. पारंपरिक बाजू म्हणते येशूने लग्नाची व्याख्याच दिली. दुसरी बाजू म्हणते की परूशांनी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी गटाने) विचारलं होतं घटस्फोटाबद्दल आणि त्याने उत्तर दिलं घटस्फोटाबद्दल, न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यातून काढू नका. मला वाटतं पहिल्या बाजूचं म्हणणं इथे ओढूनताणून नाही, येशू खरंच निर्मितीकडे बोट दाखवतो. मात्र त्याच परिच्छेदात नवव्या वचनात घटस्फोटानंतर पुन्हा लग्न म्हणजे व्यभिचार असं (एका अपवादासह) म्हटलंय, आणि तिथे आपले प्रोटेस्टंट पाळक समजूतदारपणे केस बघून निर्णय घेतात. एका वचनाला सवलत आणि शेजारच्याला नाही, हे तरुण पोरांच्या नजरेतून सुटत नाही.

दुसरी जागा १९:१२, षंढांबद्दलची. त्यासाठी प्रश्न १४ बघा.

६. रोमकर पहिल्या अध्यायाचं काय? पौल तर सरळ सरळ लिहितो.

हीच सगळ्यात महत्त्वाची जागा आहे, इथे वेळ द्या. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल १:१८ पासून सांगतोय की माणसांनी देवाला ओळखूनही मूर्तींची पूजा केली, म्हणून देवाने त्यांना त्यांच्या वासनांच्या हवाली केलं, आणि २६-२७ मध्ये उदाहरण म्हणून बायकांनी आणि पुरुषांनी नैसर्गिक संबंध सोडून निसर्गाविरुद्ध संबंध धरले असं येतं. पुढे २९ पासून यादी वाढते: लोभ, मत्सर, चहाडी, आईबापांची अवज्ञा.

एक वाचन असं: पौल निर्मितीच्या रचनेवरून बोलतोय, नर-नारी हीच देवाची योजना आणि त्याबाहेरचं सगळं बिघाड, मग ते मर्जीने असो की जबरदस्तीने. दुसरं वाचन: पौलाच्या डोळ्यासमोर रोमी समाज आहे, जिथे मालक गुलामांना वापरत आणि प्रौढ पुरुष पोरांना, आणि तो बोलतोय आवर सुटलेल्या वासनेबद्दल, दोन बरोबरीच्या माणसांच्या आयुष्यभराच्या सोबतीबद्दल नाही. तशी जोडपी त्या काळी अजिबात नव्हती असं मात्र ठासून सांगता येत नाही, जुन्या लिखाणात काही उदाहरणं सापडतात, म्हणून दुसऱ्या बाजूने हे "पौलाला माहीतच नव्हतं" जपून वापरावं.

"निसर्गाविरुद्ध" यावर फार भांडण होतं म्हणून दोन जागा सांगते. १ करिंथ ११:१४ मध्ये हाच पौल म्हणतो की पुरुषाने लांब केस ठेवणं लाजिरवाणं आहे हे निसर्गच शिकवतो. आणि रोमकर ११:२४ मध्ये देवाने परजातीयांना म्हणजे आपल्याला रानटी जैतुनासारखं निसर्गाविरुद्ध जाऊन कलम केलं असं लिहिलंय. म्हणजे पौलाच्या हातात हा शब्द दर वेळी "पाप" एवढ्याच अर्थाचा नाही. तरी पहिल्या अध्यायात त्याचा सूर नकाराचाच आहे, तिथे तो कौतुक करत नाहीये हे मान्य करूनच पुढे बोला.

आणि अध्याय तिथे थांबवू नका. मूळ पत्रात अध्यायांचे आकडे नव्हते. यादी वाचून ऐकणारा "हो हो, हे लोक असेच" म्हणत असतो तेवढ्यात २:१ येतं: दोष लावणाऱ्या माणसा, तुला सबब नाही. पौलाने पूर्ण सापळा लावलाय तो यादी ऐकून खूश होणाऱ्यासाठी.

७. हिंदी बायबलमध्ये १ करिंथ ६:९ ला "लुच्चे" आहे आणि मराठीत काहीतरी वेगळंच, हे कसं?

हा प्रश्न खास आपल्या इंदूरचा, कारण आपण चर्चमध्ये हिंदी आणि घरी मराठी पवित्र शास्त्र वाचतो. जुन्या हिंदी भाषांतरात यादी अशी जाते: वेश्यागामी, मूर्तिपूजक, परस्त्रीगामी, लुच्चे, पुरुषगामी. मराठीत त्याच ठिकाणी संभोगाची उघड भाषा आहे. ग्रीकमध्ये दोन शब्द आहेत. पहिला मलाकोय, त्याचा साधा अर्थ मऊ. मत्तय ११:८ मध्ये राजवाड्यातल्या लोकांच्या मऊ कपड्यांसाठी हाच वापरलाय. माणसाला लावला की अर्थ बायकी, ऐषारामी, चारित्र्याने ढिला, किंवा संबंधात खालची भूमिका घेणारा, असा कुठेही जाऊ शकतो. हिंदीवाल्यांनी ढिलाई धरली, मराठीवाल्यांनी संबंध धरला.

दुसरा आर्सेनोकोइताय, म्हणजे पुरुष आणि बिछाना हे दोन शब्द जोडून केलेला. पौलाच्या आधीच्या लिखाणात तो सापडत नाही. लेवीय २०:१३ च्या जुन्या ग्रीक भाषांतरात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी येतात, त्यामुळे पौलाने तिथूनच उचलला असावा हे पारंपरिक बाजूचं म्हणणं मला वजनदार वाटतं. दुसरी बाजू म्हणते की नंतरच्या याद्यांत हा शब्द बऱ्याचदा पैसा, चोरी, पिळवणूक यांच्या शेजारी दिसतो. १ तीमथ्य १:१० मध्येही लगेच पुढे माणसं पळवून विकणारे येतात, म्हणून अर्थ शोषणाचा असावा. धर्मसुधारक मार्टिन लूथरने जर्मनमध्ये पोरांना नासवणारे अशा अर्थाचा शब्द घातला होता.

सहाव्या अध्यायातल्या त्या यादीत लोभी, दारुडे आणि निंदा करणारे पण आहेत, ही आठवण जाता जाता.

८. "१९४६ च्या आधी बायबलमध्ये समलैंगिक शब्दच नव्हता" असं रील फिरतंय. खरं का?

इंग्रजीपुरतं खरं. रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जनच्या नव्या कराराने १९४६ मध्ये वरचे दोन्ही ग्रीक शब्द एकत्र करून एकच इंग्रजी शब्द घातला "होमोसेक्शुअल्स", आणि १९७१ च्या आवृत्तीत तो काढला. मुळात तो शब्दच १८६९ मध्ये जर्मनमध्ये तयार झाला.

पण यातून "आधी कोणी हे वचन असं वाचतच नव्हतं" असं निघत नाही. चौथ्या शतकातला योहान क्रिसोस्तोम रोमकर १ वर किती कडक बोललाय ते वाचलं तर रील डिलीट कराल. शब्द नवा आहे, नकार जुना आहे.

९. बायकांबद्दल बायबल काही म्हणतं का?

फक्त रोमकर १:२६, एवढंच. लेवीय फक्त पुरुषांशी बोलतो. आणि १:२६ मध्येही बायकांनी "निसर्गाविरुद्ध" काय केलं ते स्पष्ट नाही, ऑगस्टिनसारख्या जुन्या वाचकांनी ते बायका पुरुषांसोबतच मूल न होणारे संबंध ठेवतात असं घेतलं होतं. आज बहुतेक जण २७ व्या वचनातल्या "तसेच" वरून दोन बायका असा अर्थ लावतात. तेही शक्य आहे.

१०. दावीद आणि योनाथान कपल होते का? रूथ आणि नामी? शताधिपती आणि त्याचा चाकर?

नाही, म्हणजे बायबल तसं म्हणत नाही. २ शमुवेल १:२६ मध्ये दावीद रडतो आणि म्हणतो तुझं प्रेम मला स्त्रियांच्या प्रेमापेक्षा अद्भुत होतं, फार सुंदर ओळ आहे, पण तो मित्राचा शोक आहे. रूथ नामीला म्हणते तुझे लोक ते माझे लोक, हे शब्द आपण लग्नात वाचतो, मूळचे ते सुनेने सासूला म्हटलेले. शताधिपतीच्या (रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याच्या) चाकरासाठी मत्तय ८ मध्ये जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ मुलगा किंवा नोकर. प्रियकर असा तिसरा अर्थ काढता येतो, पण संदर्भात त्याला आधार नाही.

सदोमची गोष्ट पारंपरिक बाजूने सोडावी तसं हे उदारमतवादी बाजूने सोडावं. कच्चे मुद्दे टाकून दिले की उरलेलं बोलणं जरा शांतपणे होतं.

११. मोठमोठे विद्वान काय म्हणतात? एकमत का होत नाही?

कारण प्रश्न दोन आहेत आणि लोक एकच समजतात. पहिला, पौलाला त्या वेळी काय म्हणायचं होतं. दुसरा, आज आपल्या मंडळीत ते कसं लागू करायचं.

अमेरिकेचे रॉबर्ट गॅग्नन दोन्हींवर पारंपरिक आहेत: मनाई पूर्ण होती आणि आजही पूर्ण आहे. ऑस्ट्रेलियाचे विल्यम लोडर म्हणतात पौलाने सगळेच समलिंगी संबंध नाकारले होते, अर्थ बदलायचा खटाटोप नको, पण माणसाबद्दल आपल्याला आज जास्त कळतं म्हणून चर्चने स्वीकार करावा. म्हणजे पहिल्या प्रश्नावर दोघं जवळजवळ एकाच जागी, दुसऱ्यावर विरुद्ध टोकाला.

आणि अमेरिकेचेच अभ्यासक रिचर्ड हेज. १९९६ मध्ये त्यांनी जे पारंपरिक उत्तर लिहिलं ते कितीतरी सेमिनरींमध्ये शिकवलं गेलं. २०२४ मध्ये मुलासोबत लिहून त्यांनी जाहीरपणे मत बदललं, त्या सहा-सात वचनांचा अर्थ बदलून नव्हे तर देवाची दया बायबलभर कशी रुंदावत जाते यावरून: परजातीय, षंढ, आफ्रिकेतला कूशी माणूस, सगळे आत येतात. पारंपरिक बाजूची तक्रार अशी की परजातीयांना आत घेताना नीतीचे नियम सैल केले नव्हते. तक्रार रास्त आहे. मला स्वतःला हेज यांचं बोलणं जास्त पटतं, पण जो पाळक अजून १९९६ च्या हेजसोबत उभा आहे त्याला मी द्वेष करणारा म्हणणार नाही.

१२. नुसतं आकर्षण असणं पाप आहे का, की फक्त कृती?

कॅथलिक शिकवण आणि बहुतेक इव्हँजेलिकल चर्चेस हा फरक करतात: आकर्षण स्वतःहून पाप नाही, कृती पाप. म्हणून ते ब्रह्मचर्याचा मार्ग सांगतात.

अडचण १ करिंथ ७ मध्ये येते. सातव्या वचनात पौल ब्रह्मचर्याला दान म्हणतो, ज्याला मिळालं त्याला मिळालं, आणि नवव्यात म्हणतो की जळत राहण्यापेक्षा लग्न केलेलं बरं. मग एका पूर्ण गटाला सांगायचं की तुम्हाला दान मिळालेलं असो नसो, तुम्ही आयुष्यभर एकटंच राहायचं, हे पौलाच्या तर्कात कसं बसतं? पारंपरिक बाजू म्हणते लग्न न जमलेल्या, विधवा, आजारी जोडीदार सांभाळणाऱ्या लोकांनाही हेच सांगावं लागतं. मान्य. फक्त आपल्या मंडळीत एकट्या माणसाची अवस्था काय असते तेही बघा, नाताळला त्याला जेवायला कोण बोलावतं? एकटं राहा सांगणाऱ्याने आपल्या टेबलावर एक खुर्ची जास्त ठेवायला पाहिजे.

१३. आपल्या चर्चची ऑफिशियल भूमिका काय? आणि हे सगळं फॉरेनचं फॅड नाही का?

रेड चर्चला जाणारे कॅथलिक असाल तर कॅटेकिझम, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीचं पुस्तक, त्यातले परिच्छेद २३५७ ते २३५९ वाचा: कृतीला मान्यता नाही, पण माणसाला आदर, करुणा आणि संवेदनशीलतेने स्वीकारा, अन्यायाचा भेदभाव नको. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायला परवानगी दिली, लग्नासारखा विधी करायचा नाही या अटीवर, आणि आफ्रिकेतल्या बऱ्याच बिशपांनी तेही आम्ही करणार नाही म्हटलं.

आपलं सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) १९७० मध्ये नागपूरला एकत्र झालेलं चर्च, लग्न स्त्री-पुरुषाचंच लावतं. सीएनआय अँग्लिकन कम्युनियन या जगभरच्या चर्चसंघात पण आहे, आणि तिथल्या बिशपांचा १९९८ चा लँबेथ ठराव अशा संबंधांना शास्त्राशी विसंगत म्हणतो आणि त्याच ठरावात अशा लोकांचे अनुभव ऐकून घेऊ असंही म्हणतो. दुसरा अर्धा भाग आपण अजून सुरू केलेला नाही. बडोद्याच्या मेथडिस्ट मंडळींसाठी: अमेरिकेच्या युनायटेड मेथडिस्टांनी १९७२ पासूनचं विरोधाचं वाक्य २०२४ मध्ये काढलं, पण भारतातलं मेथडिस्ट चर्च १९८१ पासून स्वतंत्र आहे, तो निर्णय तुम्हाला लागू नाही.

फॉरेनचं म्हणाल तर मजा ऐका. इंदूरला १८७७ मध्ये कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी आले, १८८७ मध्ये ख्रिश्चन कॉलेज त्यांनीच काढलं. १९२५ मध्ये कॅनडातली ही बरीचशी मंडळी युनायटेड चर्च ऑफ कॅनडात गेली आणि आपलं मिशन पण त्यांच्याकडे गेलं. त्याच युनायटेड चर्चने १९८८ मध्ये ठरवलं की लैंगिक कल कुठलाही असो, सभासद पाळकपणासाठी पात्र आहे. आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ कोणी आणलं? इंग्रजांनी, १८६० मध्ये, मेकॉलेच्या मसुद्यातून, "निसर्गक्रमाविरुद्ध" हे शब्द वापरून. विरोध पण बोटीतून आला आणि स्वीकार पण, मग फक्त एकालाच फॉरेनचं कसं म्हणायचं.

१४. तृतीयपंथी लोकांना पण हीच वचनं लागतात का?

नाही. कोणाबद्दल ओढ वाटते ही एक गोष्ट आणि आपण स्वतः कोण आहोत ही दुसरी, सुप्रीम कोर्टानेसुद्धा दोन्हींवर वेगवेगळे निकाल दिले, तृतीयपंथी ओळखीवर २०१४ मध्ये आणि ३७७ वर ६ सप्टेंबर २०१८ ला.

बायबलमध्ये जवळची जागा षंढांची. अनुवाद २३:१ त्यांना मंडळीत येऊ देत नाही. यशया ५६ मध्ये देव त्यांनाच म्हणतो की माझ्या घरात तुम्हाला मुलामुलींपेक्षा चांगलं नाव देईन. येशू मत्तय १९:१२ मध्ये जन्मतः तसे असलेल्यांचा उल्लेख करतो, नाक न मुरडता. आणि प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये कूशी षंढ रथात यशया वाचत असतो, रस्त्यात पाणी दिसतं, तो विचारतो बाप्तिस्मा घ्यायला मला काय अडचण आहे, आणि फिलिप्प कुठलाच फॉर्म भरून न घेता पाण्यात उतरतो. ही वचनं थेट आजच्या तृतीयपंथीयांवर लिहिलेली नाहीत, पण एकाच बायबलमध्ये दार बंद होतं आणि उघडतं ते इथे दिसतं.

१५. उपास-प्रार्थना करून, हात ठेवून हे बरं होतं का? एक जण गॅरंटी देतोय.

गॅरंटी देणाऱ्यापासून लांब राहा. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच यादीतून काढला, भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हेच सांगितलं, आणि २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने असा "बदलण्याचा" उपचार करणं डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. ख्रिस्ती लोकांत या कामाची सगळ्यात मोठी संस्था अमेरिकेची एक्झोडस इंटरनॅशनल होती, २०१३ मध्ये तिच्या प्रमुखाने माफी मागून ती बंद केली.

"तुमच्यातले कित्येक तसे होते" हे १ करिंथ ६:११ पुढे केलं जातं. ते जीवन बदलल्याची साक्ष आहे, आकर्षण बदलल्याचं सर्टिफिकेट नाही. प्रार्थना करा, जरूर करा, मुलाला कोंडून किंवा उपाशी ठेवून नाही. आणि मूल जगण्याबद्दल निराश बोलत असेल तर आधी चांगला मानसोपचारतज्ज्ञ, मग बाकी सगळं. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर फुकट आहे.

१६. मुलाने सांगितलं. नवरा म्हणतो १ करिंथ ५:११ प्रमाणे अशाच्या पंगतीला बसायचं नाही, घराबाहेर काढ. मी काय करू?

ताई, पाचवा अध्याय एका माणसाबद्दल आहे ज्याने बापाची बायको ठेवली होती आणि मंडळी त्याचा अभिमान मिरवत होती. तिथे मंडळीच्या शिस्तीची गोष्ट आहे, आईबापांनी पोराला रस्त्यावर टाकायची नाही. अकराव्या वचनात लोभी, दारुडा आणि निंदा करणारा पण आहे, तो नियम घरात लावायचा तर दिवाळी-नाताळला निम्मे नातेवाईक दाराबाहेर बसतील.

त्याच्या समोर १ तीमथ्य ५:८ ठेवा: जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारलाय, तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट. हे वचन कुठल्याही बाजूचा अभ्यासक वेगळं वाचत नाही. बापाला मुलाचं वागणं चुकीचं वाटू शकतं, तेवढा हक्क त्याला आहे, पण घराबाहेर काढायला शास्त्रात आधार शोधू नका, तो नाही.

१७. ऑफिसमधल्या दोन मैत्रिणींनी एकत्र राहायचं ठरवलंय, छप्पन दुकानवर पार्टी आहे. गेले तर मी पापाला मान्यता दिली असं होईल का?

कायद्याने लग्न नाहीच ते, सुप्रीम कोर्टाने १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला, एकत्र राहण्यात मात्र गुन्हा नाही. १ करिंथ १०:२७ बघा, कोणी जेवायला बोलावलं आणि तुमची जायची इच्छा असली तर जा आणि वाढलेलं खा. तुमचा विवेक मान्य करत नसेल तर नका जाऊ, रोमकर १४ त्यालाही जागा देतं. जाऊन तिथे वचनं सांगत बसायचं असेल तर मात्र घरीच थांबा.

१८. भाचा गे आहे, फक्त आम्हा दोघांना माहीत. ताई म्हणते लग्न झालं की सुधरेल, मुलगी बघायला सुरुवात झालीये. मुलीकडच्यांना सांगायचं का?

या एका प्रश्नावर पारंपरिक आणि उदारमतवादी दोन्ही बाजू एकच उत्तर देतात: असं लग्न लावू नका. बायबलमध्ये त्या मुलीला फसवायची सूट कोणत्याच वाचनात मिळत नाही. लग्न "औषध" म्हणून कोणीच सांगितलेलं नाही, १ करिंथ ७:३-४ मध्ये नवरा-बायकोचा एकमेकांच्या शरीरावर हक्क आहे, तो हक्क मुलीला मिळणार नाही हे माहीत असून वेदीसमोर उभं करणं म्हणजे सगळ्यांसमोर खोटी शपथ. कॅथलिक कायद्यात कलम १०९८ प्रमाणे संसार मोडेल एवढी मोठी गोष्ट फसवून लपवली असेल तर ते लग्न मुळातच झालं नाही असं ठरू शकतं.

तुम्ही परस्पर मुलीकडे जाऊन भाच्याचं नाव फोडू नका, ते सांगायचा हक्क त्याचा आहे आणि अशा बातमीने पोरं जिवाचं काही करून घेतात. आधी भाच्याशी एकट्याने बोला, तो खरंच तयार आहे की आईच्या रडण्यामुळे हो म्हणतोय ते विचारा. मग त्याच्यासोबत बसून ताईला नाही म्हणा, कारण सांगायची सक्ती नाही, "त्याला लग्न करायचं नाही" एवढं पुरतं. बघण्याचे कार्यक्रम थांबले पाहिजेत, हे या महिन्यातच. ताई ऐकतच नसेल आणि साखरपुडा ठरायला लागला तर भाच्याला सांगा की मुलीला तूच सांग, नाही तर तू स्वतः माघार घे. बदलण्याच्या उपायांबद्दल ताईने विचारलं तर तिला प्रश्न १५ वाचायला द्या.